झेंड्याच्या काठीवरचा कडुलिंब

कडुलिंबाची डहाळी मोडली की त्या कडवट वासासरशी मला आमची उत्तरेतल्या सीपरी बाजारातली गच्ची आठवते. पंधरा ऑगस्टला आमचा झेंडा पाडव्याच्या गुढीच्याच काठीवर चढायचा. एका वर्षी आईने सवयीने काठीला हळदकुंकू लावलं आणि वर कडुलिंबही बांधला. बाबांची नजर गेली तोवर राष्ट्रगीत सुरू झालेलं. पारा चढला, पण सावधानमध्ये उभ्या माणसाने करावं काय? गीत संपताच शेजारच्या छतावरून आंटींनी विचारलं, "भाभीजी, झंडे में नीम काहे?" आई शांतपणे म्हणाली, "नज़र न लगे, इसलिए." बाबांना हसू आवरेना. यंदा काठी मी बांधली, तर बाबा खुर्चीतूनच ओरडले, "अगं, कडुलिंब राहिला की!"