मोरीजवळ थांबणारी जीप

मामा जीपच्या बोनेटवर हात ठेवायचे तो उलटा, तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळाला आई लावते तसा. क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अंग गरम हाये हिचं. बसा जरा." मग कोणी कितीही घाई करो, मामा जागचे हलत नसत.

नव्वदीच्या काळात सेनगावच्या स्टँडमागं माझं गॅरेज होतं. मामा जवळच्या तांड्यावरचे, सगळ्यांचेच मामा. सेनगाव-गोरेगाव रस्त्यावर त्यांची स्वतःची जीप चालायची. आत माणसं कोंबलेली, मागं दोघं-तिघं लटकलेले, टपावर पोती, आणि तरी इंजिन कधी तापलं नाही. तापायचं ते एकाच कामात. हिंगोलीच्या दवाखान्यात कोणी वारलं की मयत गावी न्यायला बाकीचे जीपवाले तयार नसत. नंतर सवारी बसत नाही, म्हणायचे. मामांनी कुणाला नाही म्हटलं नाही. पण मयत घेऊन निघाले की सेनगाव मागं पडल्यावर, चढ संपतो तिथं, रस्त्याखालच्या मोरीजवळ रेडिएटर उकळायचा. दर वेळी तिथंच.

"मेस्त्री, जित्या माणसाला ही काही करत न्हाई," मामा मला सांगायचे. "मेलेलं बसलं की तापती."

असलं बोलणं मिस्त्रीनं ऐकून घेऊ नये. मी रेडिएटर उतरवून साफ केला, थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप खोलून पाहिला, पंख्याचा पट्टा ताणून बसवला. सगळं ठीक होतं. पुढच्या मयताला जीप पुन्हा उकळली. गावात लोक माझ्याकडं बघून हसायला लागले आणि जीपकडं बघून गप्प व्हायला लागले.

शेवटी मी म्हणालो, "मामा, आता मयत असेल तेव्हा मी सोबत येतो."

भर दुपारची वेळ होती. दवाखान्याच्या मागच्या दारातून एका तरण्या शेतकऱ्याला आणलं. सोबत त्याची बायको आणि म्हातारा बाप. मामांनी कुंपणाजवळच्या कडुलिंबाचे डहाळे तोडले आणि जीपच्या पुढच्या जाळीत गच्च खोवले, वरून सुतळीनं आवळले. मयताची गाडी वाटेत ओळखू यावी म्हणून ते असं करायचे. गावाच्या शिवेवर डहाळे काढून टाकायचे, म्हणून गॅरेजात मला कधी दिसले नव्हते. जाळीमागंच रेडिएटर. त्याला वाराच मिळत नव्हता. मला कारण तिथंच कळलं, पण त्या बाईपुढं बोलवेना.

मामा सारा रस्ता दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालले. आरशात बघून मधूनच हळू आवाजात म्हणायचे, "खड्डा हाये. सांभाळून." आधी मला वाटलं बाईला म्हणताहेत. मग लक्षात आलं, तिला ते ताई म्हणत होते. हे बोलणं मागं आडव्या ठेवलेल्याशी होतं.

मोरीजवळ तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि बोनेटमधून वाफ निघाली. मामांनी उलटा हात लावला. "बसा जरा."

सगळे उतरले. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर सकाळपासून तोंडात पाणी न घेतलेली ती बाई घटाघटा प्याली. म्हातारा मोरीच्या कठड्यावर बसून पुटपुटत होता. घरी पोराच्या आईला काय सांगायचं ते जुळवून बघत होता. इंजिन निवलं तशी ती माणसंही थोडी निवली.

परत येताना मी मामांना कारण सांगितलं. डहाळे पुढं न लावता टपावर बांधायचे. मामांनी मान हलवली. त्यानंतर जीप उकळली नाही. मी महिनाभर छाती फुगवून फिरलो.

मग एका दुपारी मामा आले. जीप उभी केली आणि खाली उतरले.

"मेस्त्री, पयल्यासारखी करून द्या."

"म्हणजे?"

"तापायची करा. थांबत होती तवा मेलेले मोरीपाशी उतरून जात होते. आता उतरत न्हाईत. मयत घरी सोडतो, गाडी रिकामी घेऊन येतो, पण मागं कुणीतरी बसून राहिलंय."

मी जीपच्या मागं गेलो. तुम्ही हसाल, पण गाडी एका बाजूला बसली होती. टायरात हवा बराबर होती. स्प्रिंगचा पाटा तुटला असेल म्हणून मी खाली शिरलो. एकही पान तुटलेलं नव्हतं, तरी उजवीकडचे पाटे दबलेले होते, जड माणूस वर बसल्यासारखे. बाकावर कोणी नव्हतं.

"सकाळी गोरेगावच्या म्हाताऱ्याला सोडून आलो," मामा म्हणाले. "अंगानं भारी होता."

बाहेर येऊन मी हात पुसत राहिलो. चांगलं इंजिन बिघडवायला हात धजेना. म्हणालो, "मामा, तापली नाही तरी थांबा. मोरीजवळ बोनेट उघडा. तापली म्हणून सांगा."

"खोटं?"

"खोटंच."

मामा तसेच निघाले, मोरीपर्यंत जाऊन आले. जीप सरळ उभी होती. मी पाट्यांकडं दोनदा पाहिलं आणि दुसऱ्या गाडीच्या कामाला लागलो.

पुढं कित्येक वर्षं मामांनी न तापलेल्या इंजिनावर उलटा हात ठेवून लोकांना उतरवलं. माझं नाव मात्र खराब झालं. सेनगावचा मिस्त्री, एवढ्या वेळा गाडी खोलली तरी तापतेच. मी ऐकून घ्यायचो.

नंतर दवाखान्यात नव्या गाड्या आल्या, मामांचं काम सुटत गेलं. थंडीच्या दिवसांत एका सकाळी एक मोटारसायकलवाला गॅरेजात आला. "मामांची जीप मोरीजवळ बोनेट उघडून उभी हाये. बंद पडली वाटतं."

मी पाण्याचा कॅन आणि पाने-पकड घेऊन त्याच्याच मागं बसून गेलो. रेडिएटर काठोकाठ भरलेला. इंजिन गार. किल्ली लावलेली होती, फिरवली तर पहिल्या झटक्यात चालू झालं. मामांची सीट रिकामी होती.

मामा मागं होते. बाकावर बसल्या बसल्या गेले होते, हात मांडीवर, मान खिडकीला टेकलेली. त्या दिवशी त्यांना कुठलंही भाडं नव्हतं, हे नंतर तांड्यावर विचारलं तेव्हा कळलं. बाक तिघांचा. मामा अगदी कडेला सरकून बसले होते, दुसऱ्या कुणाला जागा करून दिल्यासारखे.

रस्त्यावर माणसं जमली. मामांना घरी न्यायचं तर मागं कोणीतरी धरून बसायला हवं होतं. कोणी पुढं येईना. मी मोटारसायकलवाल्याकडं किल्ली दिली, जीप सावकाश चालव म्हणालो आणि मागं चढलो. मामांच्या शेजारची जागा मोकळी होती. मी तिथं बसलो नाही. समोरच्या बाकावर बसलो आणि तिथूनच वाकून, तांडा येईपर्यंत मामांचे गुडघे धरून ठेवले.