सोमवार माझा

आमच्या वस्तीवर शाळा चौथीपर्यंतच होती. पुढच्या शिक्षणासाठी तालुक्याला गेलो, तेव्हा तिथल्या शाळेतल्या सरांनी सात घरी माझ्या जेवणाचे वार लावून दिले. सोमवारी शिंप्याकडे, मंगळवारी कंपाउंडरकडे, असं. रविवारचं घर मिळेना, म्हणून तो वार सरांनी स्वतःकडे घेतला. रोज मला पोसणं कुणालाच झेपलं नसतं. एक वार झेपला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तो त्या सात घरांमुळे.

आता मी बंगळुरूत राहतो. इथं मारतहळ्ळीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर म्यानमारहून आसऱ्याला आलेली एक बाई आणि तिची मुलगी राहतात. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आली आणि मालकांनी खोली रिकामी करायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. गच्चीवर सगळ्यांना बोलावून म्हणाले, "चौकशीला पोलीस आले, कुणी आजारी पडलं, तर मी एकट्यानं किती धावायचं? कुणी जबाबदारी घेत असेल तर राहू देत."

"तुम्हीच घ्या की, तुम्हाला फार कळवळा," बेळगावकडचे निवृत्त काका मला म्हणाले.

"शेजारची बिल्डिंग केवढी मोठी आहे," समोरच्या अक्का म्हणाल्या. "त्यांना सांगा. आपल्याच गळ्यात का?"

ती बाई मोडक्या हिंदीत हळूच म्हणाली, "सरहद्दीवरही हेच ऐकलं. हा देश म्हणाला, आमच्याकडे आधीच खूप आलेत, पलीकडे जा. पलीकडचा म्हणाला, मागे जा."

मी म्हणालो, "सोमवार माझा. त्या दिवशी काहीही लागलं तर मी धावेन. बाकीचे वार तुम्ही वाटून घ्या."

"उपवास आहेत का हे?" काका म्हणाले. मग मी माझ्या सात घरांचं सांगितलं.

"सरी, चालेल, मंगळवार माझा," अक्का म्हणाल्या. "पण शनिवारी हाक मारायची नाही. मारुतीला जाते मी."

"लिफ्ट नाही, माझे गुडघे स्वल्प, जरा तरी बघा," असं कुरकुरत काकांनी गुरुवार घेतला. एकेक करत वार गेले. रविवार तेवढा राहिला. सुट्टी कोण सोडणार? तो मी घेतला. मालकांनी मान डोलावली.

मुलीनं परीक्षा दिली. आता ती अकरावीत आहे. गेल्या महिन्यात शनिवारवाले घर सोडून गेले. नव्या भाडेकरूंचा टेम्पो दारात उभा होता, तेव्हाच मी खाली उतरलो. त्यांच्या फ्रिजला हात लावत म्हटलं, "साहेब, तुम्हाला शनिवार चालेल का?"