जेलची जाळी आणि नळाचं पाणी

बुलढाण्यात फार्मसी शिकवता शिकवता मी पीएचडीसाठी जखमेवर लावायची जाळी छापत होते. छापत म्हणजे खरोखरच छापत. समुद्री शेवाळापासून काढलेली एक पूड पाण्यात भिजवायची, तिचं दाट जेल सिरिंजमध्ये भरायचं, मग मशीन शेवया पाडाव्यात तसं एकावर एक बारीक धारा सोडतं. वरून कॅल्शियमचं पाणी घातलं की जाळी घट्ट होते. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठे, आणि माझं सगळं घोडं त्या शेवाळावर अडलेलं.

प्रयोगशाळेची झाडलोट, भांडी, पाणी एक मावशी बघायच्या. कॉलेजात सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्यांच्या नवऱ्याला शुगर होती आणि डाव्या पायाच्या अंगठ्याजवळची जखम दोन महिने झाले तरी भरत नव्हती. एक दिवस त्या फडकं हातात धरून मशीनपाशी उभ्या राहिल्या आणि विचारलं, "मॅडम, माह्या माणसाच्या पायाले हे लागन का?"

माझा डोळा सुईवर होता. मी म्हटलं, "पाहू."

खरं उत्तर मला तोंडपाठ होतं. ही जाळी आधी काचेच्या बशीतल्या पेशींवर तपासायची, मग उंदरांवर, मग परवानग्या. माणसाच्या पायापर्यंत पोचायला कित्येक वर्षं. पण एवढं सांगायला दहा मिनिटं लागली असती, म्हणून मी वेळ मारून नेली आणि विसरूनही गेले.

उन्हाळा लागला तसं जेल बिघडायला लागलं. भिजवतानाच गुठळ्या व्हायच्या, सुई तुंबायची, जाळीच्या जागी नुसता चिवडा. पुढच्या आठवड्यात माझे मार्गदर्शक नमुने पाहायला यायचे होते. मी पूड विकणाऱ्याला फोन करून भांडले. दोन विद्यार्थिनींना वजनात चुकलात म्हणून झापलं, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं तरी थांबले नाही. मशीन तर तीनदा उघडलं. माझा राग तसा घरच्यांना ठाऊक आहे, त्या आठवड्यात कॉलेजलाही कळला.

चौथ्या दिवशी सिंक धुताना सहज लक्ष गेलं. डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनला आतून पांढरट खपली धरली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा! डिस्टिल्ड पाण्यात क्षार नसतात, त्याची खपली धरेल कशी? कॅनमध्ये नळाचं पाणी होतं. त्यातलं कॅल्शियम जेलला छापण्याआधीच घट्ट करत होतं.

मावशींना विचारलं तर त्यांनी लपवलं काहीच नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ आठ-दहा दिवसांनी येतो. नळ आला की घरातलं एकही भांडं रिकामं ठेवायचं नाही, तपेल्यापासून तांब्यापर्यंत सगळं भरायचं. त्याच हाताने त्यांनी माझा रिकामा कॅनही भरला होता. तोही एकदा नव्हे, लागोपाठ दोनदा नळ आला तेव्हा दोन्ही वेळा. पाण्यापायी माझं काम थांबू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. मीही याच टंचाईतली, देऊळगाव राजाकडची, माझ्या आईनेही तो भरलाच असता. म्हणून रागावता आलं नाही. मी कॅन घासला, चांगलं पाणी आणलं आणि त्या दोन मुलींची माफी मागितली.

मग जाळी झाली. चिमट्याने उचलली तरी भोकं जशीच्या तशी. मला इतका आनंद झाला की मी मावशींना हाक मारून दाखवली. त्यांनी पदराला हात पुसले आणि वाकून जवळून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्टीलचा छोटा डबा घेऊन आल्या. घरून उकळून, स्वच्छ रुमालात बांधून आणला होता. आता झाली ना जाळी, म्हणाल्या, मग एक यात द्या.

मी विचारलं तेव्हा सगळं कळलं. सरकारी दवाखान्यात नेलं तर बोट काढतील, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्यांनी नवऱ्याला नेलंच नव्हतं. मॅडमची जाळी होईल म्हणून त्या थांबल्या होत्या. मी उभ्या उभ्या सांगायला लागले, पेशी, उंदीर, परवानग्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग तुम्ही तवाच काऊन नाही सांगतलं?"

लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. त्याच दुपारी त्यांच्या नवऱ्याला घेऊन मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिलं आणि विचारलं, इतके दिवस काय केलं. घरीच पट्ट्या बांधल्या, असं मावशी म्हणाल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

मार्गदर्शकांना नमुने आवडले. मला पीएचडी मिळाली. प्रबंधात गुठळ्यांचं कारण मी 'पाण्यातील क्षार' असं एका ओळीत लिहिलं आहे.

मावशी अजून कामावर येतात. त्यांचा नवरा काठी घेऊन चालतो. नळ आला की त्या आधी माझ्या दाराशी येतात आणि विचारतात, "मॅडम, हा कॅन भरू का नको?" मी हातातलं काम ठेवते, त्यांच्याकडे पाहते आणि नको म्हणून सांगते.