डोंगळ्यांच्या मळ्यातलं खनिज तेल

ते प्रकरण मनात आलं की आधी आठवतो तो वास. रॉकेलसारखा, पण रॉकेलचा नव्हे. जड, उग्र आणि जरा कुजट. नोकरीत मी दारूच्या भट्ट्यांपासून जळलेल्या गंजींपर्यंत नाना वास घेतले, पण विहिरीत वाकून बघताना आलेला तो वास त्या एकाच प्रकरणात घेतला.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी बुलढाणा जिल्ह्यात, देऊळगाव राजाच्या बाजूच्या एका ठाण्यावर फौजदार होतो. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांचीही सांगणार नाही, कारण त्यांची नातवंडं आज तिथं सुखानं नांदत आहेत.

एके दिवशी सकाळी हजेरी चालू असताना पोलीस पाटलाची वर्दी आली. गावच्या एका विहिरीस खनिज तेल लागले असून लोकांचा जमाव जमतो, तरी बंदोबस्त मिळावा. आमचे हवालदार जुने, मिशीआडून हसणारे. ते म्हणाले, "साहेब, चोरीची वर्दी येते, मारामारीची येते. तेल लागल्याची पह्यलीच. कोण्या रजिस्टरात घेऊ?"

मी हसलो खरा, पण कुतूहल चाळवलं. गुजरातेत तेल लागल्याच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या. तिथं लागतं, तर इथं का लागू नये? मला भूगोलाची आवड शाळेपासूनची, पण ज्ञान तेवढंच, शाळेपुरतं.

त्याच दुपारी एक बाई ठाण्यात आली. बाजारात भाजी विकून आलेली, रिकामी पाटी काखेत. पायरीवर पाटी ठेवून सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"साहेब, तक्रार द्यायची हाये."

"कोणावर?"

"साऱ्या गावावर. माह्या नवऱ्यावर बी."

हवालदारांनी लिहायला उचललेला टाक तसाच धरून ठेवला. मी तिला बसायला सांगितलं. ज्या विहिरीला तेल लागलं होतं, ती विहीर तिचीच निघाली. घर माळ्याचं. विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला होता आणि मोठ्या वावरात डोंगळे होते. डोंगळे म्हणजे बियाणासाठी पुन्हा लावलेले कांदे. त्यांना उंच दांडे येतात, दांड्याला पांढरी गोल फुलं येतात आणि त्यात बी भरतं. फाल्गुन लागला होता. बी भरायच्या ऐन दिवसांत डोंगळ्यांना पाणी हवं होतं, आणि गावानं मोट बंद केली होती.

"पाण्यात तेल हाये, ते उपसलं तं वाया जाईन म्हणतात. सरकारी साहेब येईपावेतो कोणी पाण्याले हात लावाचा नाई म्हणतात. मालक आमी, न् पहारा गावाचा. साहेब, तेल निघो का सोनं निघो, मले दोन पाणी देऊ द्या. नाई तं वर्साची कमाई उभ्यानं वाळते."

"नवरा काय म्हणतो?"

"तो का म्हणते? तो पहाऱ्यावर बसते."

दुसऱ्या दिवशी मी गावात गेलो. विहिरीवर जत्राच भरली होती. काठावर नारळाच्या शेंड्यांचा ढीग, शेंदूर, उदबत्त्या. पाण्यावर काळपट साय पसरलेली, उन्हात तिच्यावर मोरपंखी रंग हलत होते. शाळेचे गुरुजी लोकांना समजावून देत होते की आज आपण इराणकडून तेल आणतो, उद्या आपलं तेल बोटीत भरून परदेशी जाईल. लोक मन लावून ऐकत होते. एकानं विचारलं की बोट इथपर्यंत कशी येईल. गुरुजी म्हणाले, रेल्वे येईल. मग रेल्वेचं ठेसन कोणाच्या वावरात पडेल यावर वाद लागला. मला हसू येत होतं, पण खरं सांगायचं तर मीसुद्धा वाकून वाकून त्या पाण्याकडे बघत होतो.

या सगळ्याची सूत्रं शेजारच्या बागायतदाराच्या हातात होती. पन्नाशीचा, धोतर-पटका, बोलणं तोलून मापून. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. पहाऱ्याच्या पाळ्या त्यानंच लावल्या होत्या आणि स्वतःची पाळी तो कधी चुकवत नव्हता.

माझा पहिला संशय बाईच्या नवऱ्यावर गेला. तेल लागलं म्हटलं की जमिनीचा भाव चढतो, आणि जमीन त्याची. त्याला ठाण्यावर बोलावलं, समोर बसवलं आणि दरडावून विचारलं, "रॉकेलचा डबा कुठून आणलास?"

"काऊन साहेब? घरात दिव्यापुरतं रॉकेल राह्यते, तेई हिच्या ताब्यात."

"जमीन कोणाला विकणार आहेस?"

"विकू काऊन? तेल माह्या इहिरीत लागलं न् मी जमीन विकू?" तो मलाच वेडा समजून बघू लागला. मग हळूच पुढं झुकून म्हणाला, "साहेब, तुमाले माहीत असन, तेलाच्या इहिरीवर मोट चालते का इंजिनच लागते?"

खोटं बोलणारा माणूस प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. या गड्याला माझ्याकडून माहिती हवी होती. मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

मी वर कळवलं आणि थोड्या दिवसांनी भूगर्भ खात्याचे एक अधिकारी जीपमधून आले. दोरीला बाटली बांधून त्यांनी पाणी काढलं, वरचं तेल बोटावर घेतलं, वास घेतला, चिंधीला लावून पेटवलं. धूर काळा आणि दाट निघाला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "फौजदारसाहेब, हे रॉकेल नाही, इंजिनचं जळकं तेलही नाही. हे कच्चं खनिज तेल आहे. अस्सल."

गावानं हे ऐकलं आणि गुलाल उधळायचाच काय तो बाकी राहिला. बाई मळ्याच्या बांधावर उभी होती. तिचे डोंगळे शेंड्याकडून पिवळे पडायला लागले होते.

मी त्या अधिकाऱ्यांना चावडीत बसवलं आणि शाळकरी पोरासारखे प्रश्न विचारले. त्यांनाही सांगायची हौस होती. ते म्हणाले, तेल काही पाण्यासारखं जमिनीखाली तळं करून बसत नाही. ते थरांच्या खडकात, बारीक छिद्रांत मुरलेलं असतं आणि वर घट्ट झाकण असलं तरच टिकतं. त्यासाठी हजारो फूट भोक पाडावं लागतं. लागलं तरी ते नळांतून शुद्ध करायच्या कारखान्यात जातं, तिथून बंदराला. यात वर्षं जातात. आणि तुमच्या विहिरीला तर चारी बाजूंनी काळा दगड आहे, लाव्हा थिजून झालेला; त्यात तेल मुरत नाही.

"मग हे आलं कुठून?"

"ते तुमचं खातं. माझ्या खात्यापुरतं एवढं सांगतो, तेल झिरपून येतं तिथं बहुधा त्याच्याबरोबर वायूही येतो. पाण्यावर बुडबुडे दिसतात. मी बराच वेळ बघत होतो, एकही दिसला नाही. विहीर उपसून बघा. झऱ्यातून येत असेल तर पुन्हा येईल."

उपशाचं नाव काढताच बागायतदार उभा राहिला. वरून लेखी हुकूम आल्याशिवाय पाण्याला हात लावू देणार नाही, म्हणाला. गाव त्याच्या मागं. मी विषय तिथंच सोडला. जमावाशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो, तो पांगल्यावर एकेकाशी बोलावं.

संध्याकाळच्या आत मी पुन्हा मळ्यात गेलो आणि बाईला म्हटलं, "तेल पहिल्यांदा कोणी बघितलं?"

"म्याच. तांबडं फुटलं न् बैल जुपाले आली तं पाणी काळं."

"आणखी काय दिसलं? तेलाचं सोडून सांग. रोजच्यापेक्षा वेगळं काहीही."

तिनं विहिरीभोवती नजर फिरवली. मग मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळच्या दगडांकडे बोट केलं. शेंदूर लावलेले सात लहान दगड, आसरांचे. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. विहिरीला त्यांचं ठाणं असतं आणि पाण्याशी वाकडं वागलं की त्या कोपतात, असं तिकडं मानतात.

"आसरायची ओटी भरेल होती. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, दहीभात."

"त्यात काय विशेष? आज तर नारळांचा ढीग आहे."

"हा ढीग मंगचा, साहेब. गावाले कळल्यावरचा. मी सांगून राह्यली ते पह्यल्या दिवसाचं. तेल पाह्यलं म्या पह्यले, न् ओटी तं माह्याबी आधीची. दहीभात वाळून पापडा झाला होता. आमच्या घरून कोणी भरली नव्हती."

तेल लागलं म्हणून ओटी भरणारं तर सगळं गाव होतं. पण तेल लागायच्या आधीच देवींची माफी मागून ठेवणारा कोणीतरी होता. विहीर नासवायला तो धजला, पण आसरांना न विचारता नासवायला मात्र धजला नाही.

परत येताना वाट बागायतदाराच्या शेतातून होती. नवी मोसंबीची बाग, झाडं कंबरेएवढी, बुंध्याभोवतीची आळी नुकती भिजलेली. त्याच्या विहिरीत डोकावलो तर पाणी चांगलं वर. बरोबरच्या पोलीस पाटलाला मी सहज म्हटलं, की विहीर जोरात आहे. तो म्हणाला, "औंदाच हाये, साहेब. दरसाली होळीच्या आधी खडखडाट राह्यते. वरच्या माळ्याची मोट सुरू झाली का हिचा झरा बसते."

मी जागीच थांबलो. आम्ही सगळे, गुरुजी, गाव, सरकारी जीप आणि मी, तेलाकडे बघत बसलो होतो. कोणी पाण्याकडे बघितलंच नव्हतं.

बागायतदाराच्या घरी गेलो. तो ओसरीवर होता. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं. मी तांब्या खाली ठेवला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "वहिनी, माळ्याच्या विहिरीवर आसरांची ओटी पहिल्यांदा तुम्हीच भरली ना? फार व्यवस्थित भरली होती म्हणतात."

तिला बरं वाटलं. "हाव, म्याच भरली. यायनं सांगतलं होतं. बाग जगू दे म्हणून नवस हाये म्हणे. आमच्या इहिरीवर ठाणं नाई ना, म्हणून तिथं."

"कधी?"

"तेल लागाच्या आदल्या दिशी. पाहा ना, कशा पावल्या, सारं गाव तरलं."

नवऱ्याचा चेहरा उतरला तेव्हा कुठं तिला काहीतरी चुकल्याचं कळलं. मी आवाज चढवला नाही. त्याला म्हटलं, "आता तुम्ही सांगता, की मी झडती घेऊ?"

तो ओसरीवरून उठला. मग म्हणाला, "गोठ्यात हाये डबा."

पंचांसमक्ष डबा काढला. तोच वास. त्याचा जावई गुजरातेत तेलाच्या खोदकामावर ट्रक चालवत होता. बैलगाडीच्या चाकांना वंगण होईल म्हणून त्यानं सासऱ्याला कच्च्या तेलाचा डबा आणून दिला होता. पाण्यावर थोडंसं तेल किती पसरतं हे बागायतदारानं बैलांच्या हौदात पाहिलं आणि तिथून त्याला सुचलं. साय विरळ झाली की आपल्या पहाऱ्याच्या पाळीत तो नवी ओतायचा.

"माही झाडं मरून राह्यली होती, साहेब. तीन सालापासून लेकरासारखी वाढोली. उन्हाळाभर तिची मोट थांबली तं जगतात."

"मग तिच्याकडे जाऊन सांगायचं. एक दिवसाआड मोट धर म्हणायचं."

"माळ्याच्या दारात जाऊन पाणी मागू?" एवढंच तो म्हणाला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. देवींपुढं तो वाकला, पण शेजारणीच्या दारात जायला धजला नाही.

गुन्हा दाखल केला, पण गावाची खात्री पटवणं राहिलंच होतं. देऊळगाव राजाहून ऑइल इंजिन भाड्यानं आणलं. मोट बुडवली असती तर वरचं तेल तिच्यात भरलं असतं. म्हणून इंजिनचा पाइप पार तळाशी सोडला. खालचं पाणी स्वच्छ होतं. चाचणीचा उपसा म्हटलं तरी पाणी कुठंतरी सोडावंच लागतं, ते मी डोंगळ्यांत सोडायला सांगितलं. बाई फावडं घेऊन वाफ्यांना पाण्याचं बारं देत धावत होती. नवरा आधी बांधावर उभा राहिला, मग धोतर खोचून तोही पाण्याच्या दांडात उतरला. तळाशी आलेली साय बादल्यांनी काढून खड्ड्यात गाडली. सकाळपर्यंत झऱ्यातून नवं पाणी आलं, निवळशंख. तेलाचा थेंब नाही. बागायतदाराच्या विहिरीत मात्र तळ दिसायला लागला होता.

मला वाटलं होतं, गाव बागायतदारावर चिडेल. गाव चिडलं माझ्यावर. इंजिनाच्या आवाजानं तेल बिचकून खाली गेलं, असंही काही जण म्हणाले. गुरुजींनी माझ्याशी बोलणं टाकलं. कोर्टात बागायतदाराला दंड झाला, नुकसानभरपाई झाली आणि त्यानं ती मुकाट भरली. बाईचं बी भरलं, पण शेंड्याकडचं बरंच पोचट निघालं.

पुढं नोकरीत या प्रकरणाचा मला फार उपयोग झाला. कुठं काही नवल उगवलं की सगळे त्या नवलाकडे बघतात. मी आधी विचारायचो, यामुळं काय थांबलं आणि कोणाचं थांबलं. पुढं देशात खूप ठिकाणी तेल निघालं, वायू निघाला, समुद्रातसुद्धा. त्याचा मला आनंदच झाला. पण अशी बातमी वाचली की अजूनही मनात येतं, तिथल्या विहिरीवर कोणाची मोट बंद झाली असेल.

त्या वेळी चौकशीचं शेवटचं काम आटोपून गाव सोडताना मी मळ्याच्या वाटेवर जीपपाशी उभा होतो. चावडीवरचा एक म्हातारा, माणूस भला, हळहळत जवळ आला.

"साहेब, लय घाई केली तुमी. अजून महिनाभर वाट पाह्यली असती तं का गेलं असतं?"

बाई पलीकडेच डोंगळे खुडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमचं काईच नसतं गेलं, बाबा," ती म्हणाली.