माझ्या टॉर्चची खंडेनवमी

आता हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? लग्नाला पाच महिने झाले, सासरी मी मत असं एकदाच दिलं. त्या एकदाचीच ही गोष्ट.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. स्वतःची बारा बोअरची बंदूक घेऊन ते बत्तीस वर्षं एका बँकेच्या दारात उभे राहिले. आता रिटायर. लायसन पुन्हा काढायचं की बंदूक ठाण्यात जमा करायची, यावर घरात महिनाभर खल चाललेला. आमचे हे म्हणायचे जमा करा, सासूबाईही तेच म्हणायच्या. मामा गप्प.

मी बिडकीनला कंपनीत जाते. परतताना अंधार पडतो, म्हणून ह्यांनी मला खंडेनवमीच्या आठवडाभर आधी शॉक देणारी टॉर्च आणून दिली. पुढं दोन टोकं, अंगठ्याखाली बटण. खंडेनवमीला पूजेच्या पाटावर मामांनी बंदूक ठेवली आणि ह्यांनी शेजारी माझी टॉर्च. वाघाशेजारी मांजराचं पिल्लू.

"तू सांग सूनबाई," मामा म्हणाले, "ठेवू का जमा करू?"

मला वाटलं, थकलेत, कुणीतरी 'सोडा' म्हणायला हवंय. केवढी मी समजूतदार! म्हटलं, "जमा करा मामा. लायसनची कटकट नको, वजन नको. माझ्या टॉर्चवर भागतं की."

आणि त्याच तोऱ्यात टॉर्च उचलून दोन्ही टोकांना बोटानं ओलं कुंकू लावलं. अंगठा कुठं होता, विचारू नका. पुढचं सगळं मला फरशीवरून आठवतं. ताम्हण कपाटाखाली, नवी साडी हळदीत.

हे पोट धरून हसत होते. मामांनी हात देऊन उठवलं. "बत्तीस वर्षांत माझ्या बंदुकीनं एक माणूस पाडला नाय. तुझ्या टॉर्चनं आठवड्यात पाडला, तो बी घरचा."

मीही हसले. मग ते बंदुकीकडं बघत हळू म्हणाले, "ही लांबून दिसली की माणूस तिथूनच मागं फिरायचा. तुझ्या टॉर्चला तो अंगाला भिडेस्तोवर थांबावं लागतं."

'मग ठेवा' एवढंच म्हणायचं होतं. मी हळद पुसत बसले.

स्वयंपाकघरात सासूबाई म्हणाल्या, "आमचं मत त्यांना ठाऊक होतं गं. तू बोलत नाहीस, म्हणून त्यांना वाटलं तू तरी त्यांच्या बाजूची."

दसरा झाल्यावर मामांनी कोरा कागद पुढं केला. घरात अक्षर माझं चांगलं, तेव्हा अर्ज मीच लिहायचा. जमा करण्याचं कारण काय लिहू, विचारलं.

"जे हाय तेच लिही. सूनबाई म्हणली, गरज नाय."

लिहिलं. पाच महिन्यांत दिलेलं माझं एकमेव मत आता ठाण्याच्या फायलीत आहे, माझ्याच सुंदर अक्षरात.