फणसाचं टेबल आणि नीट गुंडाळलेली वायर

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, पडवीतल्या लाद्यांवर तो काळा गोल डाग कसला आहे. माझ्या आधी तुमचे आजोबा बोलले, "दिवाळीत भुईचक्र लावलं होतं." हे खोटं आहे. या घरात शेवटचं भुईचक्र तुमच्या आईनं लावलं, तेव्हा ती परकर-पोलक्यात होती. मी त्या वेळी गप्प बसले, कारण तुमची झोपायची वेळ झाली होती. पण खोटं तसंच ठेवून द्यायची मला सवय नाही, म्हणून लिहिते. गेल्या डिसेंबरात तुम्ही आलात तेव्हा आपण विटांवर ठेवलेल्या फळीवर का जेवलो, तेही यातच आलं.

तुमच्या आजोबांच्या बहिणीचं, म्हणजे माझ्या वन्संचं, शेत तलासरीच्या पूर्वेला डोंगराच्या अंगाला आहे. तिथला फणस वाऱ्यात पडला. वन्संनी त्याच्या फळ्या पाडून घेतल्या, दोन वर्षं पडवीत वाळवल्या आणि टेम्पोत घालून मसोलीला आमच्याकडे पाठवल्या. आजोबांच्या मनात आलं, आठ माणसं बसतील असं टेबल करायचं. नातवंडं येतील तेव्हा सगळ्यांनी एकत्र जेवायचं. कल्पना मलाही आवडली. माझी अट एकच होती. टेबल होईपर्यंत या घरात कुणाच्या हातापायाला इजा होता कामा नये. मी ती बोलूनही दाखवली. आजोबा म्हणाले, "टेबल करतोय, बोगदा खणत नाहीये."

सुतार वन्संच्याच गावचे. घरची भातशेती, थोडी नाचणी, आणि मधल्या दिवसांत सुतारकाम. आम्ही त्यांना मिस्त्री म्हणतो, ते मला बाई म्हणतात, कारण त्यांच्या पुतणीला बोर्डीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवलं होतं. नोव्हेंबर संपत आला होता. त्यांचं भात कापून झालं होतं, झोडणी राहिली होती. "आठ दिवसांत टेबल उभं करतो, मग झोडणीला जातो," म्हणाले.

पहिल्याच सकाळी त्यांनी विजेवर चालणारा रंधा पिशवीतून काढला आणि मला घाम फुटला. रंध्याच्या वायरीला पिनच नव्हती. दोन उघडी टोकं, तांब्याच्या तारा पिळून टोकदार केलेल्या. ती त्यांनी हॉलमधल्या सॉकेटच्या भोकांत घातली आणि हलू नयेत म्हणून आगपेटीच्या दोन काड्या ठोकून बसवल्या.

"मिस्त्री, हे काय?"

"काय बाई?"

"काड्या!"

"घट्ट बसते काडीनं. पिन ढिली होते."

"शॉक लागला तर?"

"लागतो कधीमधी," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "झिणझिण्या येतात, जातात."

मी आजोबांकडे पाहिलं. हे गृहस्थ रेल्वेच्या सिग्नल खात्यात पस्तीस वर्षं होते. कामावर असताना हातमोजे घातल्याशिवाय पेटी उघडत नसत, आणि कुणी उघडली तर त्याला लेखी विचारत. तेच गृहस्थ आरामखुर्चीतून म्हणाले, "अगं, सगळे सुतार असंच करतात."

"सगळे सिग्नलवालेही असंच करत होते का?"

"ते सरकारी काम होतं."

मला याच उत्तराचा राग येतो. नियम काय फक्त सरकारच्या जिवासाठी असतात? पण वाद घालत बसले नाही. रिक्षा करून डहाणू रोडला गेले. विजेच्या सामानाचं दुकान ओळखीचं आहे, दुकानदार गुजराती आहेत. मी सगळं सांगितलं तर हसले. "मासी, तुमच्या घरी तरी काडी आहे ने! काही लोक तर नुसतं बोटानं दाबून धरे." पिन घेऊन आले आणि मिस्त्रींकडून माझ्यासमोर बसवून घेतली. तोपर्यंत अकरा वाजले होते. "पिन बसवायला आलो का टेबल करायला?" असं ते रंध्याला विचारत होते, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

आता पुढचा भाग नीट वाचा, कारण तो माझा आहे.

रंध्याची वायर आखूड. पडवीत सॉकेट नाही, सॉकेट आत हॉलमध्ये. म्हणून लांब वायरीचा बोर्ड हवा होता. आजोबा म्हणाले, "शेजाऱ्यांकडून मागून आणतो." मी म्हटलं, "मागायची गरज नाही." आणि कपाटावरून पत्र्याचा डबा काढला. डब्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती, 'गणपती – वायर'. गणपतीच्या आराशीत दिव्यांच्या माळा लावायला आपण जो बोर्ड वापरतो, तोच. पंधरा वर्षं जुना, पण नव्यासारखा. वायर एकसारखे वेढे घालून गुंडाळलेली आणि वेढ्यांना पांढरी नाडी बांधलेली. ती वायर मी दर वर्षी पुसून ठेवते. मला तिचा थोडा अभिमानही होता.

"याला म्हणतात वायर," मी म्हटलं. "लागेल तेवढीच सोडा. बाकीची गुंडाळलेलीच राहू दे. पसारा नको, कुणी अडखळून पडेल."

मिस्त्रींनी हातभर सोडली, मग दोन हात. उरलेलं भेंडोळं मी पडवीत दाराशी भिंतीला लावून ठेवलं आणि भुसा उडून बसू नये म्हणून वर गोणपाटाची घडी टाकली. मागे सरून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. काड्या गेल्या, पिन आली, वायर पायात नाही. सकाळपासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

दोन दिवस काम नीट चाललं. तिसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले की लांबी कापायची आहे, आणि आजोबांना राहवेना. त्यांनी मिस्त्रींचं कटर हातात घेतलं. मिस्त्री एका बाजूला रंधा मारतायत, दुसऱ्या बाजूला आजोबा फळी कापतायत, दोन्ही यंत्रं माझ्या एकाच बोर्डावर. आवाज इतका, की मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

साधारण तासाभरानं वास आला. मला वाटलं कुकरची रिंग जळतेय. गॅस बंद केला. वास जाईना. दार उघडलं तर गोणपाटाच्या घडीतून बारीक धूर निघत होता, आणि त्या दोघांच्या त्याकडे पाठी.

मी ओरडले. आजोबांनी कटर खाली ठेवलं, वळले आणि अनवाणी धुराकडे निघाले. पडवी मी सकाळीच पाण्यानं धुतली होती, कोपऱ्यात ओल होती. वाकून ते वायर ओढणार होते.

"हात लावू नका! अहो, हात लावू नका!"

हातभर अंतरावर ते थांबले. मी आत पळाले. कॅलेंडरच्या मागे मेन स्विच आहे, तो खाली ओढला. परत आले तोवर मिस्त्रींनी गोणपाट उचलून अंगणात फेकला होता. त्याच्या खालच्या बाजूला वितळलेली वायर चिकटली होती, आणि ती त्यांच्या उजव्या तळहातालाही चिकटली.

आम्ही हात नळाखाली धरला. बराच वेळ धरला. तळव्यावर रुपयाएवढे दोन फोड आले होते. मिस्त्री हसत म्हणाले, "काडीनं कधी असं केलं नव्हतं बाई." डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि पंधरा दिवस या हातानं काही धरायचं नाही असं बजावलं. रिक्षातून परत येताना मिस्त्री एकदाच बोलले, तेही बाहेर बघत. "झोडणी राहिली."

भात झोडायचं म्हणजे पेंढी दोन्ही हातांनी घट्ट धरून आपटायची. तो हात माझ्या पडवीत भाजला होता.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. तिशीचा असेल, बोलायला तडक. जळालेलं भेंडोळं त्यानं चिमट्यानं उचललं. वेढे एकमेकांत वितळून भाकरीएवढी काळी चकती झाली होती. लादीवर उमटलेला डाग तिचाच.

"आजी, ही गणपतीच्या माळेची वायर. हिच्यावर दोन-दोन मशिनी?"

"पिन चांगली होती," मी म्हटलं.

"पिन चांगलीच आहे, वायर बारीक आहे. आणि गुंडाळून का ठेवली? वायरीतून करंट गेला की ती तापते. मोकळी असली की गरमी हवेत जाते. गुंडाळली की आतल्या आत कोंडते. त्यात वर गोणपाट! सगळी उलगडायची असते, एकूण एक वेढा. कुणी ठेवली अशी?"

मिस्त्री पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून आढ्याकडे बघायला लागले. आजोबाही आढ्याकडे बघायला लागले. "होती तशीच," आजोबा म्हणाले.

मग वायरमननं फ्यूज उघडला. आत नाजूक तारेऐवजी चांगली जाड तार पिळून घातलेली. "म्हणूनच फ्यूज उडाला नाही! ही कुणी घातली?"

आता आढ्याकडे बघायची पाळी माझी होती. मी बघितलं नाही. "यांनी," मी म्हटलं. "सारखा उडतो म्हणून."

तो गेल्यावर मी आजोबांना विचारलं, "गुंडाळलेली वायर तापते, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"सकाळपासून तू मला आणि मिस्त्रींना शिकवत होतीस. म्हटलं, हिला आता काही सांगायला जावं तर..."

"तर काय?"

"तर तू ऐकलं असतंस?"

पोरांनो, त्या दिवशी मी जेवले नाही. ज्या माणसाला ठाऊक होतं तो माझ्यावर रुसून गप्प राहिला, याचा राग होताच. पण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि हे मला पचत नव्हतं. काड्यांवरून मी इतकी बोलले होते, की वायरीवरून बोलायला कुणाला जागाच उरली नव्हती.

घरात आता नवा फ्यूज आहे. अंगातून करंट जायला लागला की आपोआप बंद होणारा स्विच आहे. बोर्डाची वायर जाड, नारिंगी रंगाची आहे. ती वापरताना सगळी उलगडावी लागते, म्हणून पडवीभर लोळत असते, आणि तिच्याकडे बघून माझे डोळे दुखतात. आजोबा तिला मुद्दाम नागमोडी टाकतात.

मिस्त्रींची झोडणी त्यांच्या बायकोनं आणि आजोबांच्या भाच्यानं केली. तीन दिवस आम्हीही तलासरीला जाऊन राहिलो. मी पेंढ्या उचलून देत होते. मिस्त्री बांधावर बसून मला सांगत होते, "बाई, अशी नाही, बुडखा तुमच्याकडे करा." मी ऐकत होते. तुम्ही आलात तेव्हा टेबलाची वरची फळी तयार होती, पाय नव्हते. म्हणून विटा.

पाय मागच्या महिन्यात बसले. मिस्त्री आले, हात बरा आहे, तळव्यावर दोन गुळगुळीत चट्टे राहिलेत. पिशवीतून त्यांनी रंधा काढला. त्याला पिन होती, मी बसवायला लावलेलीच. मग त्यांनी स्वतःची नवी वायर काढली. जाड, चांगल्यातली, माझ्या घरच्या कामासाठी खास घेतलेली. एकसारखे वेढे, वर पांढरी नाडी.

"बघा बाई," ते म्हणाले, "तुम्हाला पसारा आवडत नाही ना, म्हणून बांधूनच आणली. लागेल तेवढीच सोडतो."

मी आजोबांकडे पाहिलं. ते आढ्याकडे बघत होते.

वायर मी मिस्त्रींच्या हातातून घेतली, नाडी सोडली आणि लाद्यांवर गुडघे टेकून एकेक वेढा मोकळा करायला लागले. त्या काळ्या डागावरूनच वायर पुढे गेली. "अजून दोन वेढे राहिलेत," खुर्चीतून आवाज आला. मी तेही सोडले.