मामांचा हरण्या ढगांतून चालतो

ढगांतून चालणाऱ्या पंखवाल्या राक्षसाला स्वतःच्या हाताने वैरण घातलेला माणूस अख्ख्या भूतलावर एकच आहे, आणि तो नेमका माझा मामेसासरा आहे. पाथर्डीकडचे हे मामा आयुष्यभर ऊसतोडीला बैलगाडी घेऊन गेले. सिनेमाला मात्र कधी गेले नाहीत. आपण तीन तास नुसतं बसून राहायचं आणि समोरच्यांनी सगळी धावपळ करायची, हे त्यांना माणुसकीला धरून वाटत नाही. असा माणूस गेलं वर्षभर एका सिनेमाची वाट बघतोय, आणि ती वाटही आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये येऊन बघतोय. माझं प्राक्तन, दुसरं काय!

त्याचं झालं असं. नगरची पाच-सहा पोरं वर्गणी काढून एक अद्भुतपट करायला निघाली. त्यातला राक्षसी प्राणी कॉम्प्युटरवर करायचा होता, पण चाल खऱ्या जनावराची हवी होती. हिंडत हिंडत ती मामांच्या रानात आली आणि त्यांच्या हरण्या बैलाच्या प्रेमात पडली. कॉम्प्युटरला सांधे ओळखू यावेत म्हणून अंगावर खुणा चिकटवतात म्हणे. त्या निम्म्यातच संपल्या, तेव्हा मामींची टिकल्यांची तीन पाकिटं कामी आली. "माझ्या लग्नात मला एवढं नटवलं न्हवतं," असं मामी अजून म्हणतात. हरण्या दिवसभर ऐटीत चालला. थकलेलाच होता तो, पुढे दोन महिन्यांत गेला.

मग ट्रेलर आला. खोटं कशाला बोलू, मी तोंडात बोटं घातली. एवढ्याशा पैशांत पोरांनी काय कमाल केली होती! डोंगराएवढा प्राणी, अंगावर खवले, नाकातून धूर. मामा मात्र फक्त पाय बघत होते. तेव्हापासून दर रविवारी एसटीनं येतात, चपला काढायच्या आधीच "लावा, जावईबापू" म्हणतात आणि प्राणी दिसला की जिभेनं टक् टक् करून त्याला हाकतात. एकदा तो ऐन लढाईत थांबला, तर म्हणाले, "तान लागली आसंल त्याला." आमचा वॉचमन, भाजीवाला, लिफ्टमध्ये भेटलेल्या डॉक्टरीणबाई, सगळ्यांना सांगून झालंय, "त्यो आमचाच हाय."

गेल्या रविवारी मी ट्रेलरखालच्या प्रतिक्रिया त्यांना वाचून दाखवल्या. कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. 'इफेक्ट भारी, पण प्राणी एका अंगाला कलून चालतो,' असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, आणि खाली दिग्दर्शकाचं उत्तर होतं, 'दुरुस्त करू.' मामांचा चहा बशीतच राहिला.

"वाकडा न्हाई वो त्यो," ते म्हणाले. "धा वर्सं हौश्याच्या उजव्या अंगाला जुपला हुता. हौश्या आधी गेला. तवापासनं ह्यो मोकळा चालला तरी डावीकडं जोडीदाराची जागा सोडूनच चालायचा. ती चाल काढली तर त्यात माझा हरण्या ऱ्हातो कुटं?"

त्यांचे डोळे भरून आलेले मला बघवेनात. मी दिग्दर्शकाला फोन लावून त्यांच्या हातात दिला. मामांनी हेच सगळं त्याला पुन्हा सांगितलं. पलीकडून पोरगं ओशाळून म्हणालं, "मामा, खरं सांगू का? लोकांना म्हणालो दुरुस्त करू, पण आमचे पैसेच संपलेत. आता आहे तसाच जाणार."

"द्येव तुमचं भलं करो!" मामा ओरडलेच. दुसऱ्याचे पैसे संपल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

पुढच्या महिन्यात सिनेमा लागतोय. मामांनी नवा सदरा शिवायला टाकलाय. निघताना त्यांनी मोबाईलवर पोस्टर पुन्हा बघायला मागितलं. उजव्या कडेला तो अवाढव्य प्राणी आणि डावीकडे नुसतं मोकळं आभाळ. मामांनी त्या आभाळावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "हितं हौश्या हाय."

मोबाईल सारखा मंद होत होता, आणि मामांचं बघून होईपर्यंत मी बोट लावून लावून तो उजळत राहिलो.